ऑक्टाव्हिया की गोल्फ: एकाच घरातल्या दोन गाड्या, आणि मागच्या सीटवर काकू

पार्श्वभूमी

ही केस माझ्या अगदी जवळच्या घरातली आहे, म्हणून नावंगावं काही देत नाही, दादा, वहिनी, दोन मुलं (मोठा नऊ वर्षांचा, धाकटी चारची) आणि दादाची आई, त्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो. काकूंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, घरात चालतात पण लांब जायचं असलं की घडीची व्हीलचेअर बरोबर लागतेच. जुनी हॅचबॅक दहा वर्षं वापरून झाली होती आणि तिच्या डिकीत व्हीलचेअर ठेवली की एक बॅगसुद्धा बसायची नाही, मग बॅगा मुलांच्या पायाशी. ह्याला कंटाळून ठरलं की आता मोठ्या डिकीची इस्टेट (हॅचबॅकचाच मागे लांब केलेला प्रकार) घ्यायची, नवी परवडत नाही तर दोन-तीन वर्षं वापरलेली घ्यायची.

मला बोलावलं कारण मी गाड्यांच्या मागे असतो हे सगळ्यांना माहीत आहे. मी पोचलो तोवर घरात दोन पार्ट्या पडलेल्या होत्या. दादाचं मत फोक्सवॅगन गोल्फ इस्टेट, वहिनींचं मत स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी (कॉम्बी म्हणजे स्कोडाची इस्टेट). दोन्ही २०२१ च्या, दोन्ही १.५ टीएसआय (टर्बो) पेट्रोल, १५० पीएस (जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर), दोन्ही ऑटोमॅटिक, रनिंगही जवळपास सारखंच, आणि गोल्फ साधारण १२ टक्क्यांनी महाग. त्यातही गोल्फ खालच्या ट्रिमची (म्हणजे कमी सोयींच्या मॉडेलची) आणि ऑक्टाव्हिया टॉपची, म्हणजे कमी पैशात सनरूफ, मॅट्रिक्स हेडलाइट (समोरच्या गाडीपुरता हाय बीम आपोआप झाकणारे), १८ इंची अलॉय सगळं.

वाद नेमका कशावर होता

वहिनी म्हणाल्या, "भावजी, एकाच कंपनीच्या आहेत ना दोन्ही? इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, मग वरच्या चिन्हासाठी एवढे पैसे कशाला द्यायचे?" दादाचं म्हणणं, "अरे दार लावून बघ, आवाजातच कळतं. स्वस्तात देतात म्हणजे कुठेतरी काहीतरी काढलेलं असणारच."

मला दोघांचंही अर्धं अर्धं पटत होतं आणि खरं सांगायचं तर ह्या विषयावरचे बहुतेक वाद असेच अर्धवट असतात. एक "सेम टू सेम" म्हणतो, दुसरा "क्वालिटी वेगळी" म्हणतो, आणि कुठला भाग सारखा आहे नि कुठला वेगळा आहे हे गाडीखाली वाकून कोणीच बघत नाही.

आधी सारखं काय ते सांगतो. स्कोडा १९९१ पासून फोक्सवॅगन ग्रुपमध्ये आहे आणि २००० पासून पूर्ण त्यांच्याच मालकीची. १९९६ ची ऑक्टाव्हिया ज्या प्लॅटफॉर्मवर (म्हणजे गाडीच्या खालच्या मूळ सांगाड्यावर) आली त्याच प्लॅटफॉर्मवरची गोल्फ १९९७ ला आली, म्हणजे स्वस्त बहीण एक वर्ष आधी बाजारात होती. तेव्हा "जुना टाकाऊ प्लॅटफॉर्म स्कोडाला देतात" हे जे लोक ठोकून देतात ते निदान ह्या जोडीला लागू नाही. आत्ताची चौथी ऑक्टाव्हिया आणि आठवी गोल्फ दोन्ही २०१९ च्या शरद ऋतूत काही आठवड्यांच्या फरकाने दाखवल्या गेल्या, दोन्ही एमक्यूबी ह्या ग्रुपच्या सामायिक प्लॅटफॉर्मवर. दादाला पटावं म्हणून मी दोन्ही बॉनेट उघडायला लावले आणि मोबाईलच्या टॉर्चने पार्टवरचे नंबर दाखवले. ह्या ग्रुपच्या पार्ट नंबरचे पहिले तीन अक्षर-आकडे तो पार्ट मुळात कशासाठी बनला ते सांगतात, ५क्यू० म्हणजे एमक्यूबीचा सामायिक पार्ट, ०४ई आणि ०५ई म्हणजे ह्या छोट्या पेट्रोल इंजिनांच्या घराण्यातला. गोल्फमध्ये जे आकडे तेच ऑक्टाव्हियात. दादा बराच वेळ एका प्लास्टिकच्या झाकणावरचा नंबर इकडे तिकडे जाऊन ताडून बघत होता, त्याला ते खरंच नवीन होतं.

आणि बॉनेट उघडलेलंच होतं तर अजून एक गोष्ट दिसली, सातव्या गोल्फला बॉनेट वर धरायला गॅस स्ट्रट असायचे, आठवीला साधी लोखंडी काडी आहे. म्हणजे काटछाट फक्त स्वस्त बॅजवरच होते असं नाही, महागड्यावरही होते, फक्त ती वेगळ्या ठिकाणी होते.

आता वेगळं काय. इथे मी सगळ्यांना गाडीच्या मागे खाली वाकायला लावलं. ह्या गोल्फला मागे मल्टिलिंक सस्पेन्शन होतं, म्हणजे दोन्ही मागची चाकं आपापली हलतात. ह्या ऑक्टाव्हियाला तेच १५० पीएसचं इंजिन असूनही मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन चाकं एका आडव्या तुळईने जोडलेली. ब्रोशरमध्ये हे मोठ्या अक्षरात कोणी छापत नाही. टॉर्शन बीम म्हणजे वाईट असं अजिबात नाही, हलकं असतं, खर्च कमी असतो, जागा कमी खातं. पण फरक आहे आणि तो आहे हे माहीत असलं पाहिजे.

डिकीच्या बाबतीत मात्र सगळ्यांचा अंदाज चुकला होता. वहिनींच्या डोक्यात हॅचबॅक गोल्फची ३८१ लिटरची डिकी होती, पण इस्टेट गोल्फची ६११ लिटर आहे आणि ऑक्टाव्हिया कॉम्बीची ६४०. व्हीलचेअर घरून नेलीच होती, दोन्हीत आरामात बसली. तो मुद्दा तिथेच संपला.

समोर असलेले पर्याय

ह्या दोन सोडून वहिनींच्या भावाने तिसरा पर्याय आणला, डाचिया जॉगर, एकदम नवी, सात सीट, वॉरंटीसकट, आणि तरी ऑक्टाव्हियापेक्षा स्वस्त. हा पर्याय मी हसण्यावारी नेला नाही कारण काकूंसाठी ती खरंच सोयीची होती. जमिनीपासून उंच गाडी, सीटही उंच, काकूंना खाली वाकून आत सरकावं लागत नव्हतं, नुसतं टेकायचं नि पाय आत घ्यायचे. डाचिया १९९९ पासून रेनोकडे आहे आणि जॉगर ज्या सीएमएफ-बी प्लॅटफॉर्मवर आहे तोच रेनो क्लिओचा. म्हणजे परत तीच गोष्ट, महागड्या भावंडाचा सांगाडा, स्वस्त बॅज.

पण इथे वहिनींनी फार चांगला प्रश्न विचारला, सांगाडा तोच तर अपघातात सुरक्षाही तीच का? तर नाही. क्लिओला २०१९ मध्ये युरो एनकॅपचे (युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणारी संस्था) ५ स्टार मिळाले आणि जॉगरला २०२१ मध्ये १. आता ह्यातही नीट वाचायला हवं, मधल्या काळात टेस्ट कडक झाली होती, आणि जॉगरचे बरेच मार्क गेले ते ड्रायव्हरला मदत करणाऱ्या सिस्टिम कमी असल्यामुळे आणि तिसऱ्या रांगेत सीटबेल्टची आठवण करून देणारी सोय नसल्यामुळे, डबा कागदाचा आहे म्हणून नव्हे. तरीसुद्धा स्टार सांगाड्याला मिळत नाहीत, त्या नेमक्या गाडीला मिळतात. ऑक्टाव्हिया आणि गोल्फ दोघींना २०१९ मध्ये ५-५ स्टार होते, तेव्हा ती तुलना तिथे सरळ होती. वहिनी म्हणाल्या, "दोन लहान मुलं मागे बसणार आहेत, मला एक स्टारवाली नको." माझ्या मते कारण योग्य होतं, पण काकूंच्या उंच सीटचा मुद्दा आम्ही त्याच वाक्यासरशी सोडून दिला, तो परत कधी काढलाच नाही. त्यावर खाली बोलतो.

चौथा पर्याय म्हणजे एक जुनी फोक्सवॅगन पसाट, पण तिचं रनिंग बघून तो पाच मिनिटांत बाद झाला.

पहिला निर्णय: काकूंची टेस्ट ड्राइव्ह

मी आग्रह धरला की ड्राइव्हला काकू आल्याच पाहिजेत आणि त्या मागेच बसल्या पाहिजेत. हे मी आजही प्रत्येकाला सांगतो, जो माणूस सगळ्यात जास्त त्रास सहन करणार त्याला आधी बसवा. गाडी चालवणारा स्टिअरिंगवरच खूश होतो.

आधी ऑक्टाव्हिया. काकूंनी डाव्या हाताने दाराची चौकट धरली, आधी बसल्या, मग उजव्या हाताने गुडघ्याखालून धरून पाय उचलून आत घेतला. दार मोठं उघडत होतं, ते त्यांना आवडलं. चांगल्या रस्त्यावर सगळं मस्त. मग आम्ही मुद्दाम एक ठिगळं ठिगळं लावलेला रस्ता घेतला, तिथे दर ठिगळाला मागून ठक ठक असा कोरडा आवाज आणि काकूंनी पुढच्या सीटची पाठ धरली. म्हणाल्या, "इथे कमरेला बसतंय रे." बस्स, त्या एका वाक्यावर गाडीतलं सगळं बोलणं थांबलं.

मग गोल्फ, तोच रस्ता, तोच वेग. काकू काही बोलल्याच नाहीत, धाकटीशी गप्पा मारत होत्या. दादाने आरशातून माझ्याकडे बघितलं.

आणि मी तिथेच रस्त्याच्या कडेला पूर्ण लेक्चर दिलं, बघा मागे टॉर्शन बीम म्हणजे असं होतं, मल्टिलिंकचा फायदा हाच, म्हणजे १२ टक्के जास्त द्यायचं कारण सापडलं. सगळ्यांना पटलं. मलाही शंभर टक्के पटलं होतं. दादाने संध्याकाळी गोल्फवाल्याला फोन करून किंमत थोडी कमी होईल का विचारलं, तो म्हणाला एक पैसा कमी होणार नाही. वहिनींनी हिशोब केला तर विमा नि पहिली सर्व्हिस धरून बजेटच्या बाहेर जात होतं. म्हणून दोन दिवस थांबायचं ठरलं, निर्णय झाला म्हणून नाही, पैसे जमत नव्हते म्हणून. त्या दोन दिवसांनीच पुढचं सगळं घडलं.

दुसरा निर्णय: तिसरी गाडी

त्या दोन दिवसांत वहिनींनी अजून एक ऑक्टाव्हिया कॉम्बी शोधली. तेच १.५ टीएसआय १५० पीएस, पण मॅन्युअल, खालची ट्रिम, १६ इंची चाकं, आणि पहिल्या ऑक्टाव्हियापेक्षाही स्वस्त. मी म्हणालो वहिनी, उपयोग नाही, मागे तोच बीम आहे. त्या म्हणाल्या, बघायला काय जातं, काकूंना फिरवून आणू.

ही गाडी बाहेर काढायच्या आधी तिथला माणूस चारी चाकांतली हवा सोडत होता. मी सहज विचारलं तर म्हणाला यार्डात गाड्या महिनोन्महिने उभ्या असतात, टायर चपटे होऊ नयेत म्हणून हवा कडक भरून ठेवतो, आणि गिऱ्हाईक चालवायला आलं की स्टिकरप्रमाणे करतो. त्याने गेज लावून दाखवलं, मागे जवळपास अर्धा बार (हवेच्या दाबाचं एकक) जास्त होती.

तोच ठिगळांचा रस्ता. काकू म्हणाल्या, "ही बरी आहे." मी परत फिरवायला लावली, जरा जास्त वेगात. काकू म्हणाल्या, "अरे बरी आहे म्हटलं ना, किती वेळा विचारशील."

तोच बीम, तेच इंजिन, आणि धक्का नाही. मला एकदम कसंतरी झालं कारण दोन दिवसांपूर्वी मी इतक्या खात्रीने कारण सांगून मोकळा झालो होतो. मग वहीत आकडे मांडले. १८ इंची चाकावर २२५/४५ टायर होता, २२५ मिलिमीटर रुंद आणि भिंत रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे रबराची भिंत साधारण १०१ मिलिमीटर. १६ इंचीवर २०५/६०, म्हणजे १२३. धक्का झेलायला २२ मिलिमीटर जास्त रबर. आणि त्या गोल्फलाही १६ इंचीच होती, २०५/५५, ११३ मिलिमीटर. म्हणजे मी "स्कोडा विरुद्ध फोक्सवॅगन" म्हणून जे तोललं होतं ते बऱ्याच अंशी जाड टायर विरुद्ध पातळ टायर होतं. पहिल्या ठिकाणी फोन करून विचारलं की ड्राइव्हआधी हवा बघितली होती का, तर नाही, आमच्याकडे सगळ्या कडकच असतात म्हणाला. आणि ती टॉपची ऑक्टाव्हिया आदल्या दिवशीच विकली गेली होती.

मल्टिलिंकचा काहीच फरक नसतो असं मी म्हणत नाहीये, वळणावर खड्डा आला तर गोल्फ जास्त शांत राहते हे त्याच रस्त्यावर जाणवलं होतं. पण काकूंच्या कमरेचं जे निमित्त झालं ते बहुतेक टायर आणि हवेचं होतं.

काय घेतलं आणि पुढे काय झालं

तीच १६ इंची चाकांची ऑक्टाव्हिया घेतली. दादाला ऑटोमॅटिक हवी होती, त्याने आठवडाभर तोंड पाडलं, मग मॅन्युअलची सवय झाली. मी त्याला एवढंच सांगितलं की ह्या इंजिनाबरोबर येणारा सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीएसजी (ग्रुपचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० न्यूटन-मीटरपर्यंतचा आहे आणि इंजिनाचा टॉर्कही (चाकं फिरवण्याची ताकद) बरोबर २५०, गिअरबॉक्स गोल्फमध्येही तोच, तेव्हा त्याबाबतीत महागड्या बॅजने वेगळं काही मिळालं नसतं. वाचलेल्या पैशातून चार नवीन टायर, पूर्ण सर्व्हिस, बाकी असलेले सगळे सॉफ्टवेअर अपडेट, आणि मागे पार्किंग सेन्सर बसवून घेतले.

दीड वर्ष झालं आता. काकू मागे डाव्या बाजूला बसतात, व्हीलचेअर डिकीत आडवी, बॅगा तिच्या बाजूला, मुलांचे पाय मोकळे. पुढच्या दारात छत्री ठेवायची जागा आहे ती धाकटीची आवडती गोष्ट, पाऊस असो नसो ती बाहेर काढायचीच. बिघाड काही नाही.

एक गोष्ट मात्र रोज टोचते. वहिनींची ड्यूटी रात्री संपते आणि घरी यायचा रस्ता अंधाराचा आहे. खालच्या ट्रिमचे साधे एलईडी आहेत, बरे आहेत, पण मॅट्रिक्स नाहीत, समोरून गाडी आली की हाय बीम कमी करा, गेली की वाढवा, आणि वळणावर रस्त्याची कड दिसत नाही. आम्ही एकूण चार टेस्ट ड्राइव्ह घेतल्या, चारही दिवसा.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक माझीच. काकूंनी धक्का बसतोय म्हटल्यावर गाडी बाजूला घेऊन हवा बघायला पाच मिनिटं लागली असती. दाराच्या चौकटीत किंवा पेट्रोलच्या झाकणाआत स्टिकर असतो, दोन माणसांसाठी किती आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी किती हे दोन्ही लिहिलेलं असतं. ते न करता मी थिअरी सांगत बसलो, आणि थिअरी बरोबर असल्यामुळेच कोणी उलट प्रश्न विचारला नाही. तसं केलं असतं तर काय झालं असतं? त्या टॉपच्या ऑक्टाव्हियाला हवा नीट करून आणि १८ ची चाकं विकून १६ किंवा १७ ची टाकून, दादाची ऑटोमॅटिक आणि वहिनींचे मॅट्रिक्स लाइट दोन्ही एकाच गाडीत मिळाले असते, गोल्फपेक्षा कमी पैशात. हातातून गेलेली गाडी तीच होती.

दुसरं, आम्ही कागदावर तुलना चुकीच्या जोडीची केली. टॉप ट्रिमची स्वस्त गाडी आणि बेस ट्रिमची महाग गाडी शेजारी ठेवली की डोळ्याला सनरूफ दिसतो आणि चाकाचा आकार, मागचं सस्पेन्शन, हेडलाइटचा प्रकार हे मागे पडतं. बॅज झाकून फक्त पाच ओळी लिहायला हव्या होत्या, इंजिन, गिअरबॉक्स, मागचं सस्पेन्शन, टायर, लाइट. मारुती बलेनो आणि टोयोटा ग्लान्झासारख्या जोडीत ह्या ओळी जवळपास सारख्याच भरतात, तिथे खरंच वॉरंटी, सर्व्हिस आणि किंमत एवढंच बघायचं उरतं. पण नुसता प्लॅटफॉर्म सारखा असलेल्या जोडीत प्रत्येक ओळ वेगळी निघू शकते.

तिसरं, जॉगरची उंच सीट. ती गाडी नाकारली ते बरोबरच, पण काकूंना सीट उंच लागते ही माहिती त्या गाडीनेच आम्हाला दिली होती आणि ती आम्ही गाडीबरोबर टाकून दिली. काकूंच्या पायापासून सीटच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजून प्रत्येक गाडीत ताडायला हवी होती. आता त्यांच्याखाली एक कडक उशी ठेवतात, त्याने बसणं-उठणं सोपं झालंय पण सीटबेल्ट जरा विचित्र लागतो, म्हणून पातळ उशी शोधणं चालू आहे.

चौथं म्हणजे रात्र. ज्या वेळी गाडी सगळ्यात जास्त चालणार त्या वेळी ती चालवून बघायची. वहिनी मागच्या महिन्यात विचारत होत्या, भावजी, ते मॅट्रिक्स लाइट नंतर बसवता येतात का. चौकशी केली, नुसते दिवे बदलून भागत नाही, पुढचा कॅमेरा, वायरिंग आणि कोडिंग सगळं जुळायला लागतं, खर्च भरपूर आणि विमा कंपनीला कळवायचं ते वेगळंच. सध्या हेडलाइटची उंची नीट सेट करून घेतली, एक बाजू बरीच खाली होती, ती वर आल्यावर वहिनी म्हणाल्या डावीकडची कड आता थोडी लवकर दिसते.